तेफिला तोंडपाठ, पण हिब्रू वाचता येत नाही: ४८व्या वर्षी सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजला तो असा: तुम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, नोकरी परळला. लहानपणापासून शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र दिवस, चुकवला नाही, पण सगळी तेफिला, म्हणजे हिब्रू प्रार्थना, देवनागरीत छापलेल्या पुस्तकावरून म्हणता. पुढच्या वर्षी मुलाचा बार मित्झ्वा, म्हणजे तेराव्या वर्षीचा धार्मिक विधी, आहे आणि त्या दिवशी सेफेर तोरासमोर, म्हणजे धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीसमोर, उभं राहून स्वतः हिब्रू वाचावं अशी इच्छा आहे. मोबाइलवरच्या ॲपवर तीन महिने घातले, अक्षरं ओळखीची झाली, पण सिद्दूर, म्हणजे हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक, उघडला की गाडी अडते. तर ४८व्या वर्षी जमेल का, किती दिवस लागतील, आणि क्लास लावावा की घरीच करावं?

जमेल. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. किती दिवसांत, हे मात्र चार गोष्टींवर ठरतं, त्यांच्याकडे येतेच.

मी ३२ वर्षं पालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीला. गेली १६ वर्षं आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मोठ्या माणसांना हिब्रू वाचायला शिकवते. मी स्वतः ते शिकले ३९व्या वर्षी. त्यामुळे तुमची अडचण मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

तुम्ही लिहिलंय, "मला हिब्रूचा गंधही नाही." मला उलटं दिसतंय. तुमच्या तोंडात हिब्रू इतकी बसलेली आहे की ती डोळ्यांना काम करूच देत नाही. पहिलीच्या वर्गात हे रोज बघायला मिळायचं. पोरगं पुस्तकावर बोट ठेवून खणखणीत आवाजात कविता 'वाचत' असतं. जवळ जाऊन बघावं तर तोंड पाचव्या ओळीवर आणि बोट तिसऱ्या. त्याला ती पाठ असते, आणि आपण फसवतोय हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसतं. चाळीस वर्षं 'शेमा' ही रोजची प्रार्थना म्हणत आलेल्या माणसासमोर हिब्रू सिद्दूर ठेवला की हेच होतं. पहिलं अक्षर दिसतं, कान म्हणतो 'हां, हे ते', आणि पुढचं सगळं तोंडातून आपोआप बाहेर पडतं. मग एखादं अनोळखी पान समोर आलं की अक्षरं सगळी ओळखीची आणि शब्द एकही लागत नाही. तुमचं ॲपनंतर जे झालं ते हेच.

माझी फजिती सांगते. मला शिकवणारे मास्तर सत्तरीचे होते, मोजकं बोलायचे. चार महिन्यांनंतर एका संध्याकाळी मी त्यांना 'आश्रे' हे तेफिलातलं स्तोत्र वाचून दाखवलं, झपाझप, एकही चूक नाही. ते "छान" म्हणाले. मग खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. त्याला मधोमध ब्लेडने खिडकी कापलेली होती, जेमतेम एक शब्द दिसेल एवढी. ते कार्ड त्यांनी पानावर कुठेतरी ठेवलं आणि म्हणाले, "हा शब्द." मला येईना. मी अक्षर-अक्षर जुळवत बसले, घाम फुटला. "मिनिटापूर्वी तुम्ही हाच शब्द म्हणालात," एवढंच बोलून त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. घरी जाताना मी बसमध्ये रडले होते. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. कडा मऊ झाल्यात, चिकटपट्टी लावून लावून टिकवलंय.

तुमचं पहिलं साधनही तेच. पोस्टकार्ड नसेल तर लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. दोन बोटं रुंद, नखाएवढी उंच खिडकी कापा. रोज तेफिलाची एकच ओळ घ्यायची आणि ती शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचत जायची. गंमत अशी की हिब्रूची ओळ उलटी घेतली की कार्ड डावीकडून उजवीकडे, म्हणजे आपल्या मराठीच्या दिशेने सरकतं. खिडकीतला शब्द मात्र उजवीकडूनच वाचायचा. क्रम मोडला की पाठांतराची साखळी तुटते आणि डोळ्यांना काम करावंच लागतं. शब्द जुळला की कान लगेच होकार देतो, 'अरे, हा तर तोच'. इथे तुमचं पाठांतर कामाला येतं: ते उत्तरपत्रिका तपासतं, उत्तर लिहून देत नाही. ही सोय कोऱ्या पाटीने येणाऱ्याला मिळत नाही. म्हणून तर म्हणते, तुम्ही शून्यापासून सुरू करत नाही आहात.

आता ॲपबद्दल. ॲप वाईट नाही, ते दुसऱ्या गावाला जाणारं आहे. ते तुम्हाला आजच्या इस्रायलमधली बोली शिकवतं, 'मुलगा सफरचंद खातो' वगैरे, आणि तिथल्या रोजच्या लिखाणात स्वरांच्या खुणा नसतात. तुम्हाला हवा आहे सिद्दूर, जिथे अक्षरांबरोबर निक्कूद, म्हणजे स्वरांचे ठिपके आणि रेघा छापलेल्या असतात. शिवाय एक घरगुती अडचण: सलग इतके दिवस अभ्यास केला म्हणून ॲप पाठ थोपटतं, आणि शब्बाथ पाळणाऱ्याची ती साखळी दर शनिवारी तुटते. आमच्या वर्गातल्या एकीने त्या धसक्याने ॲपच काढून टाकलं. इस्रायलमधल्या आश्दोदच्या भाचीशी गप्पा मारायच्या असतील तेव्हा ॲपकडे परत जा. वाचणं, समजणं आणि बोलणं ही तीन वेगळी कामं आहेत. एका वर्षात तिन्ही धरायला गेलात तर तिन्ही अर्धवट राहतात. सध्या वाचणं घ्या, समजणं थोडं थोडं त्याच्या मागून येऊ द्या.

अक्षरं २२. त्यातली पाच, म्हणजे काफ, मेम, नून, पे आणि त्सादी, शब्दाच्या शेवटी वेगळ्या रूपात येतात. हे तुम्हाला आता माहीत असेल. मराठी माणूस अडखळतो तो दुसरीकडेच. आपलं 'ब' हे अक्षर 'अ' पोटात घेऊनच येतं. हिब्रूचं बेत पोटात काहीच घेऊन येत नाही. वर्गात मी सांगते, की हिब्रूतलं प्रत्येक अक्षर पाय मोडलेलं समजा. स्वराची खूण दिसली तरच त्याला स्वर मिळतो. हे एकदा डोक्यात बसलं की निक्कूद म्हणजे काना-मात्रा-वेलांट्याच, त्याही आपल्यापेक्षा कमी कटकटीच्या. पताह आणि कामात्स दोन्ही 'आ', त्सेरे आणि सेगोल दोन्ही 'ए', मग 'इ', 'ओ', 'उ'. स्वर पाचच. र्‍हस्व-दीर्घाची भांडणं नाहीत. कामात्स मधूनच 'ओ' होतो आणि श्वा, म्हणजे अक्षराखालचे दोन उभे ठिपके, कधी उच्चारायचा, कधी गिळायचा, एवढी दोन दुखणी आहेत. ती महिन्याभराने बघा. पहिल्याच आठवड्यात श्वाचे नियम पाठ करायला लावणारा शिक्षक भेटला तर नम्रपणे दुसरा शोधा.

एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं मात्र आताच घोटा. दालेत आणि रेश, बेत आणि काफ, 'हे' आणि 'हेत', शेवटचा मेम आणि सामेख. आपल्याकडेही ध आणि घ आहेतच. 'रवा' घाईत लिहिला की 'खा' होतो. पण हिब्रूत हा फरक केवढा महत्त्वाचा आहे हे 'शेमा'च्या पहिल्याच ओळीत दिसतं. ती ओळ 'एहाद' या शब्दावर संपते, एहाद म्हणजे एक. तोरामध्ये त्या शब्दातलं शेवटचं दालेत मुद्दाम मोठं लिहिलेलं असतं. दालेतच्या मागे कोपऱ्यावर बारीकशी शेंडी असते. रेश तिथे गोल वळतो. ती शेंडी दिसली नाही तर 'एहाद'च्या जागी 'अहेर' वाचलं जाईल, आणि अहेर म्हणजे दुसरा. 'देव एक' म्हणायच्या जागी 'देव दुसरा'! पुढच्या शनिवारी सिद्दूरमध्ये ती ओळ काढून बघा. बऱ्याच सिद्दूरमध्ये छापतानाही ते दालेत मोठं ठेवतात, आणि 'शेमा'तलं शेवटचं आयिनही. इतकी वर्षं म्हणत होतात, बघितलं नसेल.

उच्चारांत मराठी आपल्याला हात देते. त्सादी शिकवताना इंग्रजी माध्यमातली मुलं चाचपडतात. मी म्हणते, चाक, चूल, चांदणं. चहा नव्हे. झाला त्सादी. झायिनसाठी जुना आणि जाड यांतला ज जवळचा. हेत जरा खोल घशातून काढावा लागतो. आलेफ आणि आयिन यांतला फरक आपल्यापैकी फार थोड्यांच्या तोंडी उरलाय.

'र' कसा म्हणायचा, इस्रायलचा की आपला, हेही तुम्ही विचारलंय. ज्या सिनेगॉगमध्ये उभं राहून वाचायचं आहे तिथला. तिकडून सुट्टीवर आलेला पुतण्या तुमच्या 'र'ला हसेल, हसू दे. तिथला घशातला 'र' ही तिथल्या रस्त्यावरची सवय आहे. जिभेचा 'र' म्हणजे अशुद्ध असं अजिबात नाही, आणि तुमच्या वडिलांनी तोच म्हटला असणार.

आता देवनागरी पुस्तकाबद्दल, कारण तुम्ही लिहिलंय की ते हातात धरायची आता लाज वाटते. लाज वाटायचं काही कारण नाही. आपल्या पूर्वजांकडे कोकणात 'शेमा' आणि शब्बाथ टिकले, पुस्तकं टिकली नव्हती. तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवायचे म्हणून लोक 'शनिवार तेली' म्हणत, इतकं साधं होतं ते. हिब्रू आपल्याकडे नव्याने शिकवली गेली, आणि ती मराठीतून. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. त्याचा हेतू धर्मांतराचा होता. आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि बाकीचं साभार परत केलं. मग जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी एकामागून एक प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. १८७५ मध्ये हाइम सॅम्युएल केहिमकरांनी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा, आणि तिथे पोरांना हिब्रू शिकवायचे. मराठी हा आपला चोरमार्ग नाही, पहिल्यापासून आपण याच दारातून आत गेलोय.

पण देवनागरीला हिब्रू पुरती पेलत नाही, हेही खरं. एकच उदाहरण देते. 'शेमा'च्या तिसऱ्या परिच्छेदात 'तिझ्केरू' हा शब्द येतो, 'तुम्ही आठवण ठेवाल' अशा अर्थाचा. त्यातल्या झायिनवर जोर द्यावा, असं आपल्या जुन्या नियमग्रंथांत मुद्दाम बजावलेलं आहे. कारण घाईत तो 'तिस्केरू' ऐकू येतो, आणि तो शब्द मोबदल्याच्या अर्थाकडे जातो. म्हणजे देवाची आठवण ठेवण्याऐवजी पगार मागितल्यासारखं. आता माझ्या आईच्या पुस्तिकेत तिथे नुसता 'ज' छापलाय. आपला ज कधी जगातला, कधी जाडमधला. आई आयुष्यभर 'तिज्केरू' म्हणत राहिली. देवाने समजून घेतलं असेल, त्याबद्दल मला शंका नाही. पण हे अक्षर डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही.

तसाच एक विनोद. एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, 'बारुख आता' म्हणजे आता काय करायचं?" त्याच्या पुस्तकात 'अत्ता' हा शब्द 'आता' असा छापलेला होता. अत्ता म्हणजे 'तू'. देवाला मराठीतही आपण 'तू'च म्हणतो, हे सांगितल्यावर तो कधी विसरला नाही.

तेव्हा पुस्तक टाकू नका. सिनेगॉगमध्ये सगळ्यांबरोबर म्हणताना ते हातात राहू द्या, नाहीतर तेफिलातच मन लागणार नाही. घरी मात्र हिब्रू पान आणि कार्ड. एकच चूक करू नका, जी जवळजवळ प्रत्येक जण करतो: हिब्रू ओळीखाली पेन्सिलीने मराठी अक्षरं लिहिणं. ती लिहिली की डोळा वर जातच नाही. दोन्ही एका पानावर नकोत.

किती दिवस लागतील? माझ्या वर्गातला अनुभव सांगते, हा काही कायदा नाही. रोज २० मिनिटं देणारी माणसं साधारण तीन महिन्यांत निक्कूद असलेला कुठलाही शब्द वाचायला लागतात. चाचपडत, बोट ठेवून, पण वाचतात. हज्जानच्या, म्हणजे सिनेगॉगमध्ये तेफिला चालवणाऱ्याच्या, वेगाने वाचायला दीड-दोन वर्षं, काहींना कधीच नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. हे कमी-जास्त होतं ते कशावर? रोज बसता की रविवारी एकदम दोन तास, यावर. रविवारचे दोन तास वाया जातात. तुमचं ऐकणारं कोणी आहे का, यावर. सणांच्या महिन्यात किती खंड पडतो, यावर. नव्याच्या सणापासून, म्हणजे रोश हशानापासून, सिम्हात तोराच्या सणापर्यंत आमचा वर्गही बंदच असतो आणि नंतर येणारी निम्मी माणसं बेत-काफ विसरून आलेली असतात. आणि चौथी गोष्ट डोळे. हसू नका. ४८व्या वर्षी जवळचं कमी दिसायला लागतं, आणि सेगोलचे तीन ठिपके व त्सेरेचे दोन यांतला फरक मुंगीएवढा असतो. एक गृहस्थ दोन महिने 'मंद' म्हणून स्वतःला कोसत होते. चष्म्याचा नंबर बदलला आणि पंधरा दिवसांत वाचायला लागले. तुम्ही सरळ झेरॉक्सवाल्याकडे जा आणि दोन-चार पानं दुप्पट मोठी करून घ्या. फक्त त्यांवर देवाचं नाव असतं, तेव्हा काम झालं की रद्दीत टाकू नका. सिनेगॉगमध्ये नेऊन द्या, जुन्या सिद्दूरबरोबर ती नीट पुरली जातात.

वेळेचं म्हणाल तर ठाणे ते परळ बसायला मिळालं तर लोकलमध्ये, नाहीतर सकाळी चहाआधी. शनिवारी नुसतं वाचा, लिहायचं नाही, हे मी सांगायला नको. लिहायचा सराव रविवारी, तोही हवा असेल तर. वाचायला शिकण्यासाठी हिब्रू अक्षर सुंदर काढता आलंच पाहिजे असं नाही, पण हाताने दहा दालेत आणि दहा रेश काढले की डोळ्याला शेंडी दिसायला लागते.

क्लास की घर, याचं उत्तर: दोन्ही नसलं तरी चालेल, पण एक माणूस हवा. ज्याला येतं असं कोणीही, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं तुमचं ऐकेल आणि चूक झाली की फक्त बोट ठेवेल. सांगणार नाही, बोट ठेवेल. फोनवरही जमतं. मोठ्यांच्या वर्गात सगळ्यात मोठा अडथळा बुद्धीचा नसतोच, लाजेचा असतो. ज्यांच्याबरोबर आयुष्यभर मलिदा खाल्ला त्या चुलत्या-मावश्यांसमोर पहिलीतल्या पोरासारखं अडखळायचं, हे नको वाटतं. म्हणून मी पहिले सहा आठवडे कोणालाच सगळ्यांसमोर वाचायला लावत नाही. दोघा-दोघांच्या जोड्या करते. शक्यतो नवरा-बायकोची जोडी लावत नाही. तो प्रयोग एकदा केला, पुन्हा नाही.

मुलाकडून शिकावं का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मनात असणार. त्याला तुमचा मास्तर करू नका. त्याच्यावर त्याच्या पाराशाचंच, म्हणजे त्या आठवड्याच्या तोरावाचनाचंच, ओझं पुरेसं आहे. शेजारी बसून दोघांनी आपापली पानं मोठ्याने वाचावीत. बाप अडखळतोय हे बघून मुलाचा धीर वाढतो, हे मी तीन घरांत पाहिलंय.

आता त्या दिवसाचं नेमकं काम काय, ते आधी ठरवून घ्या, कारण 'तोरातून वाचणं' म्हणताना लोकांच्या मनात वेगवेगळं असतं. तुम्हाला तोरासमोर बोलावलं की आधीची आणि नंतरची अशा दोन बेराखा, म्हणजे आशीर्वचनं, म्हणायच्या असतात. त्या छोट्या आहेत, तुम्हाला पाठही असतील. त्या तीन महिन्यांत खरोखर वाचून म्हणता येतील. बार मित्झ्वाच्या मुलाच्या बापाने म्हणायचं 'बारुख शेप्तारानी' हे एक वाक्य पुष्कळ ठिकाणी असतं, तेही विचारून ठेवा. प्रत्यक्ष सेफेर तोरातला मजकूर वाचणं हे निराळं काम. तिथे निक्कूद नाही, विरामचिन्हं नाहीत, सुरांच्या खुणा नाहीत. नुसती अक्षरं. आपल्या आज्यांच्या मोडी कागदांसारखं समजा: इकार-उकार र्‍हस्व की दीर्घ, हे संदर्भावरून ज्याचं त्याने लावून घ्यायचं. त्यामुळे तिथे कोणीच आयत्या वेळी वाचत नाही, मुरलेले हज्जानसुद्धा तयारी करून येतात. त्यासाठी 'तिक्कुन' नावाचं पुस्तक असतं. एका रकान्यात निक्कूद आणि सूर, शेजारच्या रकान्यात तोच मजकूर तोरासारखा उघडा. एक रकाना पक्का करायचा, मग दुसऱ्यावर झाकून तपासायचं. एका वाचनाला कमीत कमी तीन पासूक, म्हणजे तोरातली वचनं, लागतात. वर्ष हातात आहे, तर तीन पासूक हे तुमच्या आवाक्यातलं आहे. सूर मी शिकवत नाही, ते हज्जानकडूनच घ्या, आणि तुम्हाला वाचायला देणार का हेही त्यांनाच आजच विचारा, कारण प्रत्येक सिनेगॉगची रीत वेगळी. वाचताना अर्थ बदलणारी चूक झाली तर शेजारी उभा असलेला माणूस थांबवतो आणि तो शब्द पुन्हा वाचायचा. सगळ्यांना थांबवतात. त्यात अपमान नसतो.

आतापर्यंतचं एवढं: कार्डाने क्रम मोडा, देवनागरी आणि हिब्रू एका पानावर आणू नका, रोज २० मिनिटं, आठवड्याला एक ऐकणारा, आणि लक्ष्य म्हणजे दोन बेराखा व तीन पासूक.

अर्थाबद्दल थोडं सांगून थांबते, कारण नुसता आवाज वाचत राहिलात तर दिवाळीच्या सुट्टीनंतर कंटाळा येईल. माझ्या वर्गात पहिला शब्दसंग्रह मी पुस्तकातून घेत नाही, आपल्या सिनेगॉगच्या पाट्यांवरून घेते. तुमचं ठाण्याचं, १८७९ सालचं: शाआर हाशामायिम. शाआर म्हणजे दार, शामायिम म्हणजे आकाश, 'हा' हा चिकटलेला शब्द म्हणजे 'ते'. आकाशाचं दार. मग मांडवीत सॅम्युएल स्ट्रीटला जा, १७९६चं, लोक 'जुनी मशीद' म्हणतात ते मुंबईतलं आपलं पहिलं सिनेगॉग: शाआर हारहामिम. दार ओळखीचं झालंय, 'हा' ओळखीचा आहे, उरलं रहामिम. आणि ते तुम्हाला येतं, कारण मराठीत आपण 'रहम कर' म्हणतोच. अरबी आणि हिब्रू या बहिणी, आणि अरबीतले कितीतरी शब्द मराठीत येऊन राहिलेत. हिशेबाचा 'हेश्बोन', कुर्बानीचा 'कोर्बान'. दयेचं दार. रहामिमची जी तीन मूळ अक्षरं आहेत, रेश-हेत-मेम, त्यांचाच दुसरा शब्द आहे 'रेहेम', आईचं गर्भाशय. हे कळल्यावर तेफिलात तो शब्द आला की तोंड नुसतं पुढे पळत नाही.

पुढे भायखळ्याचं मागेन दाविद आणि आग्रीपाड्याचं मागेन हसिदिम. मागेन म्हणजे ढाल. पनवेलचं बेत एल, देवाचं घर. सात रस्त्याचं तिफेरेत इस्राएल, इस्राएलचं वैभव. 'दाविदची ढाल' म्हणताना मराठी दाविदला 'ची' लावते. हिब्रू दाविदला हातही लावत नाही, नुसते दोन शब्द शेजारी ठेवते, मागेन दाविद. अर्ध्या मुंबईच्या पाट्यांत हिब्रूचं अर्धं षष्ठी प्रकरण उरकतं. एका रविवारी मुलाला घेऊन ही फेरी करा, पाट्या वाचायच्या एवढंच काम.

मुलाच्या बार मित्झ्वाची हिब्रू तारीख मला कळवा. शनिवार आहे की सोमवार-गुरुवार, तेही, कारण त्या दोन दिवशी वाचन लहान असतं. पाराशा कोणती येते ते बघून, कमीत कमी जोडाक्षरांचे आणि जास्तीत जास्त ओळखीच्या शब्दांचे तीन पासूक कोणते, ते शोधून देते. मग ते हज्जानना दाखवा. तोवर कार्ड कापून ठेवा.